गडी वाटणी

मैदानी खेळ सुरू होण्याआधी जमलेल्या पोरांतून दोन बाजू पाडण्याची रीत. हिवरखेडसारख्या (ता. तेल्हारा, जि. अकोला) वऱ्हाडी गावांत कबड्डी असो वा क्रिकेट, आधी दोन म्होरके ठरतात. मग सारख्या ताकदीचे दोघे-दोघे एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून बाजूला जातात, कानात गुपचूप नावं ठरवतात आणि येऊन विचारतात, ‘आंबा पायजे का चिच?’ आंबा कोण, हे म्होरक्याला ठाऊक नसतं; तो जे नाव घेतो तो गडी त्याच्याकडे, दुसरा समोरच्या बाजूला. म्हणजे सगळा न्याय जोडी जुळवण्यात; जोडीच विजोड असली तर भांडण तिथेच पेटतं. उरलेलं लहानगं पोर कच्चा लिंबू ठरतं. ते खेळतं, पण बाद होत नाही.

गडी वाटून घ्यायच्या रीती इतरत्र वेगळ्या असतात. प्रो कबड्डी लीगमध्ये (२०१४ पासून) गड्यांचा लिलाव होतो. मोबाइलवरच्या फँटसी क्रिकेटमध्ये साधारणपणे १०० क्रेडिटमध्ये ११ खेळाडू बसवायचे असतात. कर्णधाराचे गुण दुप्पट, उपकर्णधाराचे दीडपट. असे संघ मित्रमंडळी वहीच्या पानावरही निवडतात. पाळीपाळीने एकेक खेळाडू उचलायचा आणि दुसऱ्या फेरीत क्रम उलटा करायचा, म्हणजे शेवटच्याला लागोपाठ दोन मिळतात. मात्र या सगळ्या रीतींत कोणता खेळाडू कोण हे आधीच उघड असल्याने आंबा-चिंचेची गंमत नाही.