१७ जुलै १६७४ : आयझॅक वॉट्स यांचा जन्म

इंग्रजी ख्रिस्ती गीतपरंपरेला नवे वळण देणारे आयझॅक वॉट्स यांचा जन्म इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथे झाला. राजमान्य चर्चपासून वेगळ्या पंथात राहिल्याबद्दल त्यांच्या वडिलांना तुरुंगवास भोगावा लागला होता. त्या काळी उपासनेत बायबलमधील स्तोत्रे गायली जात. पण स्टर्नहोल्ड आणि हॉपकिन्स यांची १५६२ची पद्यरूपे शब्दाला शब्द जुळवताना ओबडधोबड झाली होती. वॉट्स यांनी १७१९ साली १५०पैकी १३८ स्तोत्रे नव्याने रचली. स्तोत्रांचा कर्ता मानल्या जाणाऱ्या दावीद राजाने ख्रिस्ती माणसासारखे बोलावे, हा त्यांचा आग्रह. त्यासाठी काही ठिकाणी ‘इस्राएल’च्या जागी त्यांनी थेट ‘ब्रिटन’ घातले! हे धाडस अनेकांना खटकले, पण त्यातूनच स्तोत्रे सामान्य उपासकाच्या तोंडी सहज रुळली. नाताळात जगभर गायले जाणारे ‘जॉय टू द वर्ल्ड’ हे मुळात ९८व्या स्तोत्राचे रूपांतर. म्हणूनच त्यात येशूजन्माच्या कथेतला गोठा नाही, मेंढपाळही नाहीत. ९०व्या स्तोत्रावरील त्यांच्या गीताची चाल साउदॅम्प्टनच्या नगरभवनाच्या मनोऱ्यातील घंटा आजही वाजवतात. २५ नोव्हेंबर १७४८ रोजी वॉट्स यांचे निधन झाले.