खांदेरीच्या पाण्यात धरणगाव

आम्ही खानदेशी माणसे समुद्राला तशी परकीच. तापी आमच्या उशाशी वाहते, वरणगावपासून जवळच हतनूरच्या धरणात थोडी विसावते आणि पुढे सुरतेकडे समुद्राला मिळते. पण तिच्यामागोमाग समुद्रापर्यंत जावे असे आमच्यापैकी फारसे कुणाच्या मनात येत नाही. प्रवासात मळमळले की आमच्याकडे ‘गाडी लागली’ म्हणतात, कोकणात ‘बोट लागली’ म्हणतात. तेव्हा आम्ही पाच मित्रांनी एक अख्खा दिवस नुसते बोटीतून हिंडायचे ठरवले, त्याचे घरोघरी हसूच झाले.

भुसावळहून रात्रीच्या गाडीने मुंबई, तिथून भाऊचा धक्का. 2020 सालापासून धक्क्यावरून मांडव्याला मोटारी घेऊन जाणारी मोठी बोट सुटते, तिने पलीकडे गेलो. पुढे थळच्या किनाऱ्यावर एका कोळी बांधवाची बोट दिवसभरासाठी ठरवली. घाई कशाचीच नव्हती. उंदेरीला वळसा घातला, खांदेरीवर उतरलो, मग किनाऱ्याकिनाऱ्याने अलिबागच्या कुलाब्यापर्यंत रमतगमत गेलो. मध्येच तांडेलाने इंजिन बंद केले आणि बोट पाण्यावर सोडून दिली. आम्ही घरून नेलेले वांग्याचे भरीत आणि कळण्याच्या पुऱ्या काढल्या. तांडेलानेही दोन पुऱ्या खाल्ल्या आणि “दादा, तिखट हाय!” म्हणत पाणी मागितले. आमच्यातल्या एकाला बोट लागली, तो मात्र भरिताकडे पाठ करून बसला होता.

इंजिन बंद असताना एक गोष्ट ध्यानात आली, ती पुस्तकात वाचून कधी आली नव्हती. सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत होता. दुपार कलली तसा तो फिरला आणि समुद्राकडून येऊ लागला. पाण्याखाली जागोजाग खडक होते. तांडेल भरती-ओहोटीचा अंदाज घेत त्यांच्यामधून बोट काढत होता, मोठ्या जहाजाला तिथे शिरणे अवघडच. 1679 साली या पाण्यात जे घडले त्याची किल्ली मला तिथे सापडली.

त्या वर्षी पावसाळा सरता सरता शिवाजी महाराजांनी मायनाक भंडारी यांना खांदेरीवर तटबंदी घालायला पाठवले. बेट थळपासून चार-पाच किलोमीटरवर, मुंबई बंदरात शिरणाऱ्या जहाजांच्या वाटेवरच. जंजिऱ्याच्या सिद्दीचे आरमार पावसाळ्यात मुंबईच्या आसऱ्याला येऊन राही. त्या दोघांवरही नजर ठेवायला याहून चांगली जागा नव्हती. इंग्रज खवळले. सप्टेंबरात थॉर्प नावाच्या अधिकाऱ्याने बेटावर उतरण्याचा प्रयत्न केला आणि जिवाला मुकला. 18 ऑक्टोबरला पहाटे दौलतखानाचे आरमार इंग्रजांवर चालून आले. ‘डोव्हर’ नावाची इंग्रजांची गुराब मराठ्यांच्या हाती लागली. ‘रिव्हेंज’ या मोठ्या जहाजाने मात्र दाद दिली नाही. त्यावर लढणाऱ्या केग्विनने पुढे 1683 साली बंड करून मुंबईच कंपनीच्या हातून काढून घेतली, पण ती गोष्ट वेगळी.

लढाईत त्या दिवशी इंग्रज तगले, तरी बेट त्यांना मिळाले नाही. मोठी जहाजे वाऱ्याची वाट पाहत खोल पाण्यात उभी राहत आणि मराठ्यांच्या लहान होड्या रात्रीच्या अंधारात उथळ पाण्यातून दाणागोटा घेऊन बेटावर पोहोचत. 1680च्या सुरुवातीला सिद्दीने शेजारची उंदेरी बळकावली, आणि इंग्रजांनी महाराजांशी तह करून खांदेरीचा नाद सोडला.

बेटावर आज वेताळाचे देऊळ आहे, कोळ्यांचे ते मोठे श्रद्धास्थान. लोखंडी गाड्यांवर बसवलेल्या तोफा आहेत, ठोकला की भांड्यासारखा वाजणारा एक खडक आहे. आम्ही तोफेजवळ उभे राहून फोटो काढत होतो, छाती जरा फुगलीच होती. तेवढ्यात आमचा धरणगावचा मित्र म्हणाला, “काय हो भाऊ, याच साली आमचं गाव लुटलं ना?”

त्याचे बरोबर होते. धरणगावात इंग्रजांनी 1674 साली वखार घातली होती. आसपास विणलेले सुती कापड तिथे खरेदी व्हायचे. पुढच्याच वर्षी मराठ्यांनी ती लुटली आणि 1679 साली पुन्हा. त्या वेळी चोपडाही लुटले गेले आणि जालनाही. एकीकडे समुद्रावर इंग्रजांशी झुंज, तर दुसरीकडे, समुद्रापासून इतक्या दूर, त्याच कंपनीच्या वखारीवर घाला. शाळेत आम्हाला सुरतेची लूट शिकवली. धरणगाव-चोपड्याचे नाव कुणी काढले नाही, गुरुजींनीही नाही.

खानदेश तेव्हा मोगलांचा सुभा. घाव मोगलांच्या खजिन्यावर होता, हे खरेच. औरंगजेबासारख्या बादशहाशी आणि समुद्रावरच्या टोपीकरांशी एकाच वेळी लढायला पैसा लागतो आणि तो शत्रूच्या मुलखातून आणणे ही त्या काळाची रीतच होती. पण मुलूख शत्रूचा असला तरी माणसे आपलीच होती, मराठी बोलणारी. 1670 साली प्रतापराव गुजरांनी खानदेशातल्या गावच्या पाटील-कुलकर्ण्यांकडून चौथाई देण्याचे लेखी करार करून घेतले होते. म्हणजे सारा बादशहाला आणि चौथाई महाराजांना. ज्याच्या दारात माग होता त्या विणकराला खांदेरीच्या विजयाची बातमी कधी कळली असेल का? मला वाटते, खांदेरीचा अभिमान आणि धरणगावची आठवण, दोन्ही आपल्याच घरातल्या गोष्टी आहेत. एक सांगताना दुसरी लपवायचे काही कारण नाही. मित्राला मी तसे म्हणालो. तो म्हणाला, “मग सांगत जा.” म्हणून सांगतो आहे.

इंग्रज पुढे दोन्ही ठिकाणी आलेच. 1818 साली खानदेश त्यांच्याकडे गेला. 1825 साली औट्रमने भिल्ल पलटण उभी केली, तिचे ठाणे धरणगावातच होते. खांदेरीवर 1867 साली दीपगृह उभे राहिले. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मानलेल्या बारा किल्ल्यांत आमच्या शेजारच्या बागलाणातला साल्हेर आहे आणि खांदेरीही आहे. धरणगावची ती वखार नेमकी कुठे होती, हे आम्हा पाचांपैकी कुणालाच सांगता आले नाही, तिथे जन्मलेल्या मित्रालाही नाही. येत्या रविवारी आम्ही धरणगावच्या जुन्या पेठेत विचारायला जाणार आहोत. या वेळी एसटीने.