अपस्मारविरोधी औषधे व श्वान-रक्तचाचण्या
कुत्र्यांना फेफऱ्यावर दिलेल्या औषधांमुळे रक्ततपासणीच्या आकड्यांत होणारे बदल. त्यांतील प्रमुख फेनोबार्बिटाल 1912 मध्ये ‘ल्युमिनल’ नावाने मानवी उपचारात आले. ते यकृतातील एंझाइमांना चालना देते (पहा : यकृत). त्यामुळे रक्तातील अल्कलाइन फॉस्फेटेज हे एंझाइम बरेच वाढते, एएलटी (अॅलॅनिन अमिनोट्रान्सफरेज) त्याहून कमी; एवढ्यावरून यकृतविकार ठरत नाही. अल्ब्युमीन घटणे वा पित्ताम्ले वाढणे मात्र गंभीर. थायरॉक्सिन उतरते, ग्रंथी निरोगी असूनही अवटुन्यूनतेचा भास होतो (पहा : अवटु ग्रंथी). पोटॅशियम ब्रोमाइड हे दुसरे अपस्मारविरोधी औषध चालू असल्यास अनेक यंत्रे ब्रोमाइडलाच क्लोराइड धरतात, त्यामुळे क्लोराइड अवास्तव जास्त दिसते. फेनोबार्बिटालची पातळी मोजण्यासाठी पेण, रोह्यासारख्या गावांहून मुंबईच्या प्रयोगशाळेस रक्ताचा नमुना पाठविताना जेलविरहित नळी घ्यावी. जेल फेनोबार्बिटाल शोषून घेते आणि औषधाची पातळी प्रत्यक्षाहून कमी भरते.