वीरगळावरचे श्वान

लष्करी श्वानांची स्मारके ही महायुद्धांची देणगी मानली जाते, आणि अमेरिकेतील हार्ट्सडेल येथील १९२३ चे किंवा ग्वाम बेटावरील १९९४ चे स्मारक पाहता ते वावगेही नाही. मात्र दख्खनमध्ये श्वानाच्या पराक्रमाचा दगड उभारण्याची रीत त्याहून सुमारे हजार वर्षे जुनी असून तिचे मूळ वीरगळात आहे.

वीरगळ म्हणजे लढताना किंवा गोधन राखताना पडलेल्या वीराची कोरीव शिळा. शब्दातील ‘गळ’ हा कन्नड ‘कल्लु’, म्हणजे दगड. तळाच्या चौकटीत झुंज, त्यावर वीराला स्वर्गी नेणाऱ्या अप्सरा, त्याहून वर शिवपूजा आणि माथ्याशी चंद्रसूर्य, अशी तिची सर्वसाधारण मांडणी असते. ठाणे जिल्ह्यातून पुढे मुंबईत गेलेल्या एकसरच्या वीरगळांवर नौकायुद्ध कोरलेले आहे.

याच परंपरेतला कर्नाटकातील आतकूरचा शिलालेख शके ८७२ चा, म्हणजे महाराष्ट्रावरही सत्ता असलेल्या राष्ट्रकूट तिसऱ्या कृष्णाच्या काळातला आहे. तक्कोलमच्या लढाईत चोळ राजपुत्र राजादित्य पडल्यावर गंग राजा बूतुगाने आपल्या मणलेर नावाच्या शूर सेवकाला हवे ते मागण्यास सांगितले, तेव्हा त्याने काली हे श्वान मागून घेतले. पुढे रानडुकराशी झुंजताना काली आणि डुक्कर दोघेही मेले, तीच झुंज दगडावर कोरली गेली आणि दगडाच्या पूजेसाठी जमीन दिली गेली. पूजा न करता जेवणाऱ्या गोरवाला, म्हणजे शैव पुजाऱ्याला (मराठी ‘गुरव’ त्याच्याच कुळातला), पाप लागेल अशी ताकीदही लेखात आहे. काली हे शिकारी श्वान होते, सैन्यातले नव्हे. तरी ते युद्धाचे बक्षीस होते, आणि मान मिळाला तो धन्याच्या नावाला नव्हे, झुंजीला.

शिवाजी महाराजांचा म्हटल्या जाणाऱ्या वाघ्या या कुत्र्याची रायगडावरील समाधी या वंशात बसवणे अवघड आहे, कारण तुकोजीराव होळकरांच्या देणगीतून १९३६ मध्ये उभारलेल्या त्या स्मारकाचा आधार समकालीन साधन नसून स्वामिनिष्ठेची आख्यायिका आहे. कालीशी जवळचे नाते सांगायचे तर ते १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर मुंबईसह मुंब्रा व ठाणे येथील स्फोटके हुंगून काढणाऱ्या पोलीस दलातील झंजीरचे. १६ नोव्हेंबर २००० रोजी तो परळच्या पशुवैद्यकीय रुग्णालयात वारला. सैन्यात ही रीत आता लेखी झाली आहे: २०१५ मध्ये काश्मीरच्या तंगधार भागात घुसखोरांशी लढताना, सांभाळणाऱ्या जवानासह मारल्या गेलेल्या मानसी या लॅब्राडोर कुत्रीचे नाव पुढच्या वर्षी युद्धवृत्तांतातील गौरवोल्लेखांत आले.