झांबिया : सत्तेला वेसण



लोकशाही बळकट कशाने होते, याचे उत्तर आपण बहुधा राज्यघटनेच्या कलमांत शोधतो. मी पुस्तकी पंडित नव्हे. उमेदीची सारी वर्षे कामगारांच्या संघटनेत गेली. म्हणून हे उत्तर मी आज आफ्रिकेतील झांबियाच्या तांब्याच्या खाणींपासून शोधू लागणार आहे.

24 ऑक्टोबर 1964 रोजी हा देश ब्रिटिशांच्या जोखडातून सुटला. केनेथ कौंडा राष्ट्राध्यक्ष झाले. गांधीजींना मानणारा हा नेता. परंतु 1972 च्या अखेरीस त्यांनीच एकपक्षीय राजवट आणली. निवडणुका होत राहिल्या, पण राष्ट्राध्यक्षपदाला उमेदवार एकच. मतदाराने फक्त होय किंवा नाही म्हणायचे!

मग विरोध उरला कोठे? तो उरला खाणीत. तेथील कामगार लढ्याला नवे नव्हते. 1935 साली करवाढीविरुद्ध संप झाला, तेव्हा लुआन्शा येथे पोलिसांच्या गोळ्यांनी सहा मजूर ठार झाले. 1949 साली आफ्रिकी खाणकामगारांनी आपली संघटना उभारली. पुढे देशाची परकीय चलनाची बहुतेक कमाई तांब्यावर चालू लागली. सरकारला विरोधी पक्ष बंद करता आले. खाण बंद पडू देणे मात्र परवडणारे नव्हते. कामगार संघटनांच्या मध्यवर्ती मंडळाचे अध्यक्ष फ्रेडरिक चिलुबा यांना 1981 साली डांबले, तरी संघटना मोडली नाही.

पुढे तांब्याचे भाव कोसळले आणि कर्ज वाढले. सावकार संस्थांच्या अटींपायी मक्याच्या पिठावरील सवलत काढण्यात आली. मक्याचे पीठ म्हणजे तेथील गरिबाचे रोजचे अन्न. डिसेंबर 1986 मध्ये आणि पुन्हा जून 1990 मध्ये दंगली उसळल्या, माणसे मेली. जुलै 1990 मध्ये कामगार, वकील, व्यापारी, प्राध्यापक लुसाका येथे एकत्र जमले आणि बहुपक्षीय लोकशाहीची चळवळ सुरू झाली. 31 ऑक्टोबर 1991 च्या निवडणुकीत चिलुबांना सुमारे तीन चतुर्थांश मते पडली. कौंडांनी पराभव मान्य करून शांतपणे सत्ता सोडली, हे त्यांचे मोठेपण.

येथे गोष्ट संपली असती, तर मी आपला वेळ घेतला नसता. कामगारांचा माणूस सिंहासनावर बसला; पण त्याच्याच सरकारने खाणी खाजगी मालकांना विकल्या आणि हजारोंच्या नोकऱ्या गेल्या. आपल्याच माणसाविरुद्ध संप कसा करावा, या पेचात संघटनांचा आवाज क्षीण झाला. 1996 साली घटना अशी बदलली, की आईबाप जन्माने झांबियाचे नाहीत म्हणून कौंडांना निवडणुकीलाच उभे राहता येऊ नये. आणि 2001 साली, घटनेत दोनच मुदतींची मर्यादा असताना, चिलुबांसाठी तिसऱ्या मुदतीची मोहीम सुरू झाली.

तेव्हा त्यांना अडवले कोणी? वकिलांचा संघ, ख्रिस्ती धर्मसंस्था आणि स्त्रियांच्या संघटना यांनी मिळून आघाडी केली. लोकांनी हिरव्या फिती लावल्या, शुक्रवारी मोटारींचे भोंगे वाजवले. खुद्द चिलुबांच्या पक्षातील अनेक मंत्री आणि खासदार विरोधात गेले. अखेर मे 2001 मध्ये चिलुबांनी माघार घेतली.

त्यानंतर 2011 आणि 2021 मध्येही तेथे मतपेटीने सत्ताधारी पक्षाला घरी पाठवले. गरिबी आणि कर्ज यांतून मात्र तो देश अजून सुटलेला नाही.

मित्रहो, आपला माणूस निवडून आणणे हे लोकशाहीचे अर्धेच काम. निवडून आल्यावर त्याला 'नाही' म्हणू शकेल अशी, त्याच्या पैशावर आणि मेहेरबानीवर न जगणारी संघटना जिवंत ठेवणे, हे उरलेले अर्धे. पहिले काम एका दिवसात होते. दुसऱ्याला रोज सभासदांची वर्गणी गोळा करावी लागते, बैठका घ्याव्या लागतात, आणि वेळ आली तर जुन्या सोबत्याच्या दारातही घोषणा द्याव्या लागतात.