पदच्छेदाचें यंत्र

जुन्या मोडी लिखाणांत शब्दांमध्यें अंतर सोडीत नसत. पदच्छेद वाचणाऱ्यानेंच करावयाचा. गणकयंत्रापुढेंहि हाच प्रश्न उभा राहिला. १९५७ सालीं जॉन बॅकस व त्यांचे सहकारी यांनीं आय. बी. एम. मध्यें सिद्ध केलेल्या फोरट्रान भाषेंत मोकळ्या जागेस अर्थ नव्हता. ‘डू १० आय = १,१०’ ही आवृत्तीची आज्ञा; पण स्वल्पविरामाच्या जागीं टिंब पडलें, कीं ‘डू१०आय’ नांवाच्या राशीस १.१० ही किंमत मिळे! आधीं न सांगितलेली राशीहि ही भाषा निमूटपणें स्वीकारी. त्यामुळें चूक लपून राही.

पदच्छेदाचें हें काम भाषेगणिक हातानें लिहिणें कष्टाचें होतें. १९७५ सालीं बेल प्रयोगशाळेंत माइक लेस्क व एरिक श्मिट यांनीं ‘लेक्स’ रचून तें ओझें हलकें केलें. अंक कसा, नांव कसें, चिन्ह कोणतें, एवढे नियम लिहून द्यावे; पदच्छेद करणारी आज्ञावली लेक्सच तयार करी. भाषा बदलली, तर नियम तेवढे बदलावे. मात्र शब्द कोठें तोडावा, हा विवेक नियम लिहिणाऱ्या माणसाचाच राहिला.