पत्त्यातल्या प्रश्नचिन्हाची कुळकथा

ग्रंथालयाच्या सूचीत पुस्तक शोधा, नाहीतर एखादा जुना निकाल. ब्राउझरच्या वरच्या पट्टीत जो लांबलचक पत्ता उमटतो, त्यात बहुतेक वेळा एक प्रश्नचिन्ह असतं. त्याच्या आधी कुणाला विचारायचं ते, त्याच्या पुढे काय विचारायचं ते. वेब अगदी तान्हं होतं तेव्हापासून हे चिन्ह तिथे आहे. आणि त्याची पहिली मोठी कामगिरी म्हणजे मेनफ्रेममध्ये, म्हणजे संस्थांच्या मोठ्या मध्यवर्ती संगणकात, बंदिस्त असलेल्या माहितीला बाहेरच्या माणसाशी बोलतं करणं.

जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली यांनी वेब उभं केलं, तेव्हा त्यावर पाहण्यासारखं फारसं काही नव्हतं. मात्र तिथल्या हजारो माणसांना रोज लागणारी एक गोष्ट होती, टेलिफोन डिरेक्टरी. ती होती मेनफ्रेमवर. एका नंबरासाठी मेनफ्रेमवर लॉग-इन करायचं, म्हणून कित्येक जण पडद्याची एक खिडकी दिवसभर तेवढ्यासाठीच उघडी ठेवत. मेनफ्रेमची व्यवस्था पाहणारे बर्न्ड पोलरमन यांनी ही डिरेक्टरी वेबवरून विचारता येईल अशी केली. डिरेक्टरी जागची हलली नाही, फक्त तिच्यापर्यंत जायची वाट बदलली. मला या कथेचं बीज इथेच दिसतं.

सप्टेंबर १९९१मध्ये पॉल कुन्झ हे अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ सर्नला आले. ते कॅलिफोर्नियातल्या स्लॅक प्रयोगशाळेचे. वेबवरून मेनफ्रेमला प्रश्न विचारता येतो हे पाहिल्यावर त्यांना आठवला तो आपल्याकडचा ‘स्पायर्स’. स्लॅकच्या ग्रंथालयाने १९७४पासून जपलेला हा शोधनिबंधांचा डेटाबेस. छापून येण्याआधी जगभरातून टपालाने येणाऱ्या निबंधांची त्यात नोंद व्हायची. तो आयबीएमच्या मेनफ्रेमवर होता. त्याची स्वतःची आज्ञांची भाषा होती, आणि बाहेरच्या माणसाला त्याच्यापर्यंत पोचणं जिकिरीचं होतं.

कुन्झ परतले आणि त्यांनी ही कल्पना लुईस ॲडिस यांना सांगितली. ॲडिस ग्रंथपाल. माझ्या मते या कथेतलं सर्वांत मोठं श्रेय त्यांचं. आपला साठा किती जणांच्या उपयोगाचा आहे हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. त्यांनी काम मागे पडू दिलं नाही, आणि १२ डिसेंबर १९९१ रोजी अमेरिकेतला पहिला वेब सर्व्हर सुरू झाला. त्याचं पान म्हणजे मोजक्या ओळी आणि दोन दुवे: एक निबंधांकडे नेणारा, दुसरा स्लॅकच्या फोनयादीकडे. पुढच्याच महिन्यात फ्रान्समध्ये ला लोंद इथे भौतिकशास्त्रज्ञांच्या मेळाव्यात बर्नर्स-ली यांनी आपल्या प्रात्यक्षिकाचा शेवट स्पायर्सला प्रश्न विचारूनच केला.

आत घडायचं ते इतकंच. वाचकाने लिहिलेले शब्द पत्त्यात प्रश्नचिन्हापुढे जाऊन बसत, दोन शब्दांमध्ये अधिकचं चिन्ह. सर्व्हर ते शब्द उचलून स्पायर्सच्या भाषेत आज्ञा तयार करी, आलेल्या उत्तरावर वेबच्या खुणा चढवी आणि पान परत धाडी. स्पायर्सच्या लेखी समोर नेहमीसारखा टर्मिनलवर बसलेला माणूसच होता. नोंदींची दुसरी प्रत काढली नाही, म्हणून सकाळी ग्रंथालयाने केलेली दुरुस्ती दुपारी टोकियोतही दिसायची.

१९९३मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉयच्या एनसीएसए या संगणक केंद्रात या रीतीला नियम मिळाले, कॉमन गेटवे इंटरफेस, म्हणजेच सीजीआय. जुन्या पत्त्यांत ‘सीजीआय-बिन’ असं दिसतं ते याचंच. गेटवे म्हणजे आपल्याकडची वेस. तट न पाडता गावात शिरायची जागा.

पण वेस म्हटली की पहारा आला. एनसीएसएच्या सर्व्हरबरोबर ‘पीएचएफ’ नावाचा एक नमुना प्रोग्राम येत असे. काम काय, तर फोन डिरेक्टरीत शोधणं! बाहेरून आलेला मजकूर तो पुरता तपासत नव्हता. प्रश्नात नव्या ओळीची खूण घुसवली की पुढचं सगळं सर्व्हर स्वतःची आज्ञा समजून पाळी, आणि पासवर्डांची फाइल हल्लेखोराच्या हाती पडे. १९९६मध्ये त्याबद्दल जाहीर इशारा द्यावा लागला. प्रश्नचिन्हापुढचा मजकूर परक्याने लिहिलेला असतो, हे तेव्हापासून प्रत्येक प्रोग्रामरला पहिल्याच दिवशी शिकवायला हवं होतं.

जुनी यंत्रणा जागेवर ठेवून तिला वेस बांधायची, ही वाट आपल्या रेल्वेनेही धरली. आरक्षणाची संगणक यंत्रणा १९८५-८६पासूनची. मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, सिकंदराबाद ही केंद्रं १९९९पर्यंत एकमेकांना जोडली गेली. ऑगस्ट २००२मध्ये इंटरनेटवर तिकीट मिळू लागलं, ते याच जुन्या यंत्रणेतून, आणि सुरुवातीला कुरिअरने घरी यायचं. खिडकीवरचा बाबू आणि घरी बसलेला प्रवासी एकाच साठ्यातला बर्थ मागत होते. साठे दोन ठेवले असते तर एका बर्थवर दोन प्रवासी आले असते.

आपल्या कितीतरी पतसंस्थांचे आणि दुकानांचे हिशेब वर्षानुवर्षं फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस प्रणालीत राहिले. ते जुनं म्हणून मोडीत काढायला निघालेल्यांनी आधी एवढं पाहावं, की त्या नोंदी खऱ्या आहेत का आणि रोज कुणी सांभाळतंय का. तसं असेल तर वेस बांधा, पहारा बसवा, आणि गाव नांदू द्या.

स्पायर्सची जागा आता ‘इन्स्पायर’ने घेतली आहे. त्याच्या शोधपट्टीत ‘फाइंड’, मग लेखकासाठी ‘ए’ हे एकच अक्षर, मग आडनाव, असं इंग्रजीत लिहून पाहा. मेनफ्रेमच्या काळातली ती आज्ञा त्याला अजून कळते.